खिळ्याचं कलम: भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४
टेम्पो साताऱ्याला पोचला. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, मला ऑफिसने इथे बदली दिली, त्यामुळे पुण्यातला आनंदनगरचा टू बीएचके आता रिकामा. हप्ता २४,६०० आहे, अजून साधारण तेरा लाख फेडायचेत. नवरा म्हणाला, कुलूप लावून ठेवू, भाडेकरू घर खराब करतात. मी म्हटलं, हप्ता कुलूप भरणार आहे का?
ही वही आजपासून. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च.

२ मार्च
एजंटचा फोन. पहिला प्रश्न, "फॅमिली की बॅचलर?" दुसरा, "आडनाव कुठलं चालेल?" मी म्हटलं, वेळेवर भाडं देणारं कुठलंही. तो हसला, म्हणाला, "मॅडम, तुमचं ठीक आहे, सोसायटीचं विचारून घ्या." सेक्रेटरींना फोन केला तर तेही तेच बोलले, फक्त जास्त सभ्य शब्दांत. एकाच दिवसात दोनदा लाज वाटली.

९ मार्च
रंगकाम काढलं. ३८,०००. हॉलमध्ये मुलाने उंची मोजायला पेन्सिलीने मारलेल्या रेघा होत्या. त्यांचा फोटो काढून ठेवला आणि मग पुट्टी फिरवायला सांगितलं.

१७ मार्च
जोडपं बघून गेलं. लातूरचे. तो नऱ्ह्यात एका कंपनीत, ती शाळेत शिकवते. तिने स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, गॅलरीत ऊन कधी येतं ते विचारलं, सिंकखाली वाकून बघितलं. मला ती तिथेच आवडली. भाडं २१,०००, डिपॉझिट ६०,०००, मुदत अकरा महिने. एजंटला माझ्याकडून अर्धं भाडं, १०,५००. त्यांच्याकडून किती घेतलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२३ मार्च
करार झाला. सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या वेळी विसरेन.
माझा समज होता की अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं. निम्मं पुणे तेच समजतं. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरी मेख पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल आणि भांडण झालं, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. नवऱ्याला हे वाचून दाखवलं तेव्हा त्याने नोटरीचं नाव सोडलं.
स्टॅम्प ड्युटीचा हिशोब: अकरा महिन्यांचं भाडं २,३१,०००. डिपॉझिटवर दरसाल १०% दराने मानलेलं व्याज, म्हणजे अकरा महिन्यांचे ५,५००. एकूण २,३६,५००, त्यावर पाव टक्का. सहाशेच्या घरात. नोंदणी फी हजार. बाकी एजंटची मजुरी. सगळं दोघांत निम्मं, माझ्या वाट्याला १,३००.
संध्याकाळी आठला रिकाम्या हॉलमध्ये, फरशीवर बसून अंगठे दिले. एजंटच्या पोराने लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं मशीन आणलं होतं. त्या दोघांचे अंगठे झटकन लागले. माझा लागेना. "काकू, अंगठा कपाळाला चोळा." चोळला. नाही. "डाव्या हाताचा द्या." नाही. चार वेळा झाल्यावर ती आत गेली, ओंजळीत पाणी घेऊन आली, माझा अंगठा तिने भिजवला आणि स्वतःच्या ओढणीने पुसला. मग लागला.
कराराच्या मसुद्यात एक कलम तयारच होतं: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भिंतीला अगर छताला खिळा, हुक अगर छिद्र करू नये. मी वाचलं आणि तसंच राहू दिलं.

२४ मार्च
ते कलम डोक्यातून जाईना. आजोबांचा शनिवार पेठेत वाडा होता. सहा बिऱ्हाडं. माझ्या लहानपणी मागच्या खोल्यांचं भाडं ३२ रुपये होतं आणि १९४७ च्या भाडे कायद्यामुळे ते वाढवायची सोय नव्हती. आजोबा मातीच्या भिंतीला खिळा ठोकू द्यायचे नाहीत आणि पावसाळ्यात गळणारं कौलही बदलायचे नाहीत. मागच्या खोलीतल्या काकू जिन्याखालची बादली, परात, पातेली मांडून बसायच्या. प्रत्येक भांड्याचा थेंबाचा आवाज वेगळा असायचा, आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. नव्या कायद्याने २००० साली जुन्या भाड्याला वर्षाला ४% वाढ दिली. तोवर आजोबा गेले होते. मामाने कागदावर हिशोब केला: ३२ रुपयांवर सव्वा रुपया. कागद चुरगाळून खिडकीबाहेर टाकला.
आता मी त्या बाजूला. अर्थात माझा भाडेकरू कायद्याने भाडेकरू नाहीच, 'लायसेन्सी' आहे. घरात राहायचा परवाना, तोही मुदतीपुरता. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर भाड्याच्या दुप्पट दराने वसुली होते, हे कलम २४ मध्ये आहे. आजोबांना हे कलम मिळालं असतं तर त्यांनी ते फ्रेम करून लावलं असतं. खिळा स्वतःच ठोकला असता.

१ एप्रिल
चाव्या दिल्या. मीटरच्या रीडिंगचा फोटो, पंखे, ट्यूबलाइट, किचन ट्रॉलीचे फोटो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली, पोच फाइलला लावली.
चूक: एक्झॉस्ट फॅनचा फोटो राहिला.

६ एप्रिल
पहिलं भाडं जमा. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पीठ लागलेल्या बोटाने तो तीनदा उघडून वाचला.

२१ एप्रिल
सोसायटीचं पत्र. भाडेकरू ठेवल्याबद्दल दरमहा १,००० नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे बिनभोगवटा शुल्क. आमचा मेंटेनन्स २,४००, त्यातले सेवाशुल्क १,९००. राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे: हे शुल्क सेवाशुल्काच्या १०% पेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे १९०. आदेशाची प्रत जोडून अर्ज केला. सेक्रेटरींचा फोन आला, "ताई, आम्ही सगळ्यांकडून हजारच घेतो." म्हटलं, मग सगळ्यांना परत करावे लागतील. त्यानंतर शांतता.

१९ मे
बिलात १९० आले. कुणी काही बोललं नाही. बाकीच्या चार मालकांचं काय केलं, कळलं नाही.
गीझर गेला, नवा ६,८००. माझा खर्च. नवरा म्हणाला, वापरतात ते, मग भरतील ते. बल्ब गेला तर त्यांचा, गीझर जुना होऊन गेला तर माझा. चालतं घर द्यायचं आणि चालतं ठेवायचं, भाडं त्याचंच घेतो.

२७ मे
मिळकतकर. स्वतः राहणाऱ्याला पुण्यात महापालिका ४०% सवलत देते. आता आपण राहत नाही, म्हणून ती सोडली. साडेनऊ हजारांचा कर १६,०५० झाला. ओळखीच्या एकाने सल्ला दिला, "सांगायचंच कशाला?" करार सरकारदरबारी नोंदवलेला, भाडं बँकेत, आणि महापालिकेला सांगायचं मी तिथेच राहते! शिवाय मालकाने त्या वर्षात स्वतः भरलेला मिळकतकर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. वर्षात भरलेला, नुसतं बिल आलेला नाही. त्यामुळे आजच भरला.

२५ जुलै
सकाळपासून फोन. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. टीव्हीवर होड्या दिसतायत. आमची इमारत चढावर आहे, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. तिने फोन उचलला, "काकू, आपल्याकडे पाणी नाही, फक्त लाइट गेलीय." 'आपल्याकडे' म्हणाली.

८ ऑगस्ट
खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन. त्यांच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय, पोपडे पडले. कमिटीचं म्हणणं, गळती तुमच्या बाथरूममधून, खर्च तुमचा. आमच्या प्लंबरचं म्हणणं, बाहेरचा उभा पाइप फुटलाय, खर्च सोसायटीचा. दोघांचंही म्हणणं आपापल्या सोयीचं.

१० ऑगस्ट
कमिटीतल्या एकाने सुचवलं, गळती थांबेपर्यंत तुमच्या फ्लॅटचं पाणी बंद ठेवू, भाडेकरू आपोआप ओरडतील आणि तुम्ही लवकर काम कराल. मी नकार दिला. राहणाऱ्याचं पाणी किंवा वीज मालकाने तोडायला भाडे कायद्यात मनाई आहे, आणि माझ्या संमतीने दुसऱ्या कोणी तोडलं तरी अडकणार मीच. शिवाय तिला तिसरा महिना लागलाय, हे काल कळलं.

१७ ऑगस्ट, शनिवार
पहिल्या एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा. बरोबर मिस्त्री. मोठा शहाणा माणूस. म्हणाला, आधी भांडण मिटवू, मग फोडाफोड. न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाच्या, तोंडात प्लास्टिकची पिशवी कोंबली, वर चिंध्या, वर ओलं सिमेंट. उंबऱ्याशी विटेचा अडसर लावून बाथरूममध्ये तीन बोटं पाणी भरलं. भिंतीवर खडूने रेघ मारली. मग खिशातून पुडी काढली, रांगोळीतला लाल रंग, आणि पाण्यात कालवला. बाथरूम होळीच्या हौदासारखं दिसायला लागलं.
"आता चहा घ्या," म्हणाला, "पाणी स्वतः सांगेल."

१८ ऑगस्ट
रात्री तिथेच राहिले, त्यांच्या, म्हणजे माझ्या, छोट्या बेडरूममध्ये. माझ्याच घरात पाहुणी. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर ग्लास सापडेना, ते आता दुसऱ्या कपाटात ठेवतात. सकाळी सहाला पाणी खडूच्या रेघेखाली बोटभर उतरलं होतं. खालच्या काकांनी दार उघडलं, काही न बोलता बाथरूमकडे हात केला. छतावर गुलाबी डाग, आणि पांढऱ्या टाइलवर गुलाबी थेंब.
म्हणजे खर्च माझा. प्लंबरला फोन करून सांगितलं, त्याने विषय बदलला.

२ सप्टेंबर
काम संपलं. टाइल उखडल्या, खालचा कोबा काढला, नवा ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, पुन्हा कोबा, पुन्हा टाइल. मध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवायची चाचणी, या वेळी रेघ हलली नाही. ४१,५००. जुन्या टाइलचा रंग आता मिळत नाही, म्हणून एक भिंत पांढरी आणि फरशी राखाडी. वाईट दिसतंय, पण गळत नाही.
ते दोघं आठ दिवस दुसऱ्या बाथरूमवर भागवत होते, धुळीत स्वयंपाक करत होते. त्याने थोडं तोडूनच विचारलं, "काकू, या महिन्याच्या भाड्याचं काय?" माझा पारा चढला, एवढा खर्च मी करतेय! फोन ठेवल्यावर जिन्याखालची ती बादली आठवली. ३,००० कमी घेतले. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, वहीत मात्र लिहिलंय. तो वही वाचत नाही.

३ नोव्हेंबर
दिवाळीचा फराळ त्यांना पाठवला. एक्झॉस्ट फॅनचं झाकण तुटलेलं मिळालं की नंतर तुटलं, यावर फोनवर गोड वाद. फोटो नव्हता. गप्प बसले.

१२ जानेवारी २०२५
मोठा धक्का. त्याला चाकणला नोकरी मिळतेय, फेब्रुवारीअखेर करार संपतोच आहे, कदाचित जागा सोडतील. "डिपॉझिट तेव्हाच मिळेल ना?" असं विचारलं. मी "हो हो, अर्थात" म्हटलं आणि फोन ठेवून बँकेचं खातं उघडलं.
साठ हजार नव्हते. कुठे गेले ते वहीत स्वच्छ दिसतंय: रंगाचे पैसे त्यातूनच दिले होते आणि गीझरचेही. मी ते जमेच्या पानावर लिहिले होते! डिपॉझिट जमा नव्हे, ते माझ्यावरचं बिनव्याजी कर्ज आहे, मागितल्या दिवशी फेडायचं. एवढं सगळं वाचणाऱ्या बाईने पहिल्याच पानावर ही चूक केली. लाल पेनने खोडून उजव्या पानावर घेतलं. नवऱ्याला सांगावं लागलं, मग ते ३,००० पण निघाले. रात्री दोघं जेवताना फारसं बोललो नाही. सासूबाईंनी काठी आपटत विचारलं, "कोण गेलं?"

१३ जानेवारी
सोनं मोडायचं नाही, एवढं ठरलं. माझ्या भिशीचा नंबर फेब्रुवारीत लागतोय. त्यातून साठ हजारांची एफडी, तिला हात लावायचा नाही.

९ फेब्रुवारी
चाकणचं बारगळलं. राहतायत. ती बाळंतपणाला लातूरला गेली महिन्याभरापूर्वीच. मी भिशी घेतली आणि एफडी तरीही केली.

२२ फेब्रुवारी
नवा करार, या वेळी चोवीस महिन्यांचा. १ मार्चपासून २२,०००, पुढच्या वर्षी ५% वाढ. दर अकरा महिन्यांनी अंगठे घासण्यापेक्षा हे बरं. ती लातूरला असल्याने या वेळी करारात तो एकटाच. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला, आधीच भिजवून ठेवला होता.

५ मार्च
मुलगी झाली. पेढ्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर.

१२ एप्रिल
वर्षाचा हिशोब. हे पान आवडीने नाही, पण नीट लिहिते.
आलेलं भाडं: अकरा महिने २१,०००, मार्च २२,०००, त्यातून ३,००० वजा. २,५०,०००.
गेलेले: एजंट १०,५००, करार १,३०० (नव्याचे एजंट या महिन्यात घेणार, ते पुढच्या वर्षात), रंग ३८,०००, गीझर ६,८००, बाथरूम ४१,५००, मिळकतकर १६,०५०, मेंटेनन्स आणि बिनभोगवटा मिळून ३१,०८०. एकूण १,४५,२३०.
हातात १,०४,७७०. महिन्याला पावणेनऊ हजारांच्या आत. वर्षाचा हप्ता २,९५,२०० आहे. लोक म्हणतात, भाड्यावर हप्ता निघतो. कुणाचा निघतो ते विचारायचंय.
आयकराचं गणित वेगळंच चालतं. २,५०,००० मधून भरलेला मिळकतकर गेला, २,३३,९५०. त्यातून सरसकट ३०%, ७०,१८५. त्यातच दुरुस्ती, रंग, मेंटेनन्स, एजंट सगळं आलं. माझा प्रत्यक्ष खर्च, मिळकतकर सोडून, १,२९,१८० झाला. ते कोणी विचारत नाही. एक रुपया खर्च केला नसता तरी ७०,१८५ मिळालेच असते. आजोबा कौलं का बदलत नसत, याचं एक उत्तर मला या ओळीत दिसलं. उरले १,६३,७६५. कर्जावरचं वर्षाचं व्याज १,०८,२४० वजा, राहिले ५५,५२५. ते पगारात मिळवायचे. मी नव्या करप्रणालीत आहे. तिथे भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याज वजा होतं, पण व्याज भाड्यापेक्षा जास्त निघालं तर तो तोटा पगारातून वळता करता येत नाही. माझा तोटा नाही, तेव्हा प्रश्न नाही. माझ्या टप्प्यात १०% आणि सेस धरून ५,७७५. पगारातून कापलेला टीडीएस धरता बाकी कर दहा हजारांच्या आत, म्हणून आगाऊ कर भरायची भानगड नाही.
भाडं महिन्याला पन्नास हजारांवर असतं तर भाडेकरूलाच २% टीडीएस कापावा लागला असता. आनंदनगरच्या दुसऱ्या मजल्यावर ती वेळ येणार नाही.
या वर्षापासून दर महिन्याला भाड्यातले ४,००० दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात.

११ मे
तिचा फोन, वर्षभरात पहिल्यांदा अडखळत. "काकू, एक विचारायचं होतं. करारात लिहिलंय तसं परवानगी... पाळण्यासाठी हॉलच्या छताला एक हुक लावायचाय. पंख्याच्या हुकाला दोरी बांधून बघितली, पण मला भीती वाटते."
मी म्हटलं, पंख्याच्या हुकाला मुळीच नको. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, स्लॅबमध्ये ड्रिल करून जाड फास्टनर ठोकतो, आधी स्वतः लोंबकळून बघतो, मग लेकराला. लेखी परवानगी व्हॉट्सअॅपवर पाठवली, नवऱ्याचा फोन घेऊन त्यालाही वाचायला दिली.

१८ मे
हुक लागला. मिस्त्री खरंच लोंबकळला, त्याचा व्हिडिओ आला. ड्रिल, फास्टनर, मजुरी मिळून ४५०. तो म्हणाला, पैसे भाडेकरू देतायत. त्याला म्हटलं, घेऊ नका.
उजव्या पानावर: हुक, ४५०.